उजवीकडची जागा

सवयीनं नाना उजवीकडचं दार उघडून बसले
आणि समोर पाहिलं तर स्टिअरिंग नाही.
नुसता डॅशबोर्ड, त्यावर माझा गॉगल
आणि रास अल-खैमाच्या पंपावरचा
चहाचा कागदी पेला.
"इथं सगळं उलटं असतं," मी म्हटलं.
"उलट्याचं काही नाही गं. मला रिकामं बसवलंयस."

चिपळूण आगार, बत्तीस वर्षं,
कुंभार्लीचा घाट दिवसातून दोनदा.
अपघात एकही नाही. एक म्हैस, अंधारात बसलेली;
तिचं अजून वाईट वाटतं त्यांना.

तिबातच्या चौकीवर शिक्का मारणाऱ्या पोरानं
फोटोकडं आणि नानांकडं दोनदा पाहिलं.
फोटोत मिशी होती.
मग समुद्र माझ्या बाजूला, कडा त्यांच्या,
बुखाचा किल्ला, बकऱ्या, वळण, पुन्हा बकऱ्या.
हॉर्न दिला की आपल्याकडच्यासारख्याच
त्या आधी विचार करतात.

खसबच्या पुढं डांबर संपलं.
जबल हरीम, म्हणजे बायकांचा डोंगर, मी सांगितलं.
"मग बाईनंच चालवावी," म्हणाले,
आणि पहिल्याच वळणावर
त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला गेला.
दुसऱ्याही.
माझ्या ब्रेकच्या अर्धा क्षण आधी, दर वेळी.
मी काही बोलले नाही.
बत्तीस वर्षं ज्यानं पन्नास माणसं उतरवली
त्याचा पाय कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही.

सयहच्या पठारावर शर्टाच्या खिशाएवढी हिरवळ.
तिथं अर्धं जमिनीत गेलेलं दगडी घर,
आत दारापेक्षा मोठे रांजण.
आधी रांजण ठेवले, भोवतीनं भिंती रचल्या,
उन्हाळ्यात माणसं खाली खजुराला, धान्य वर कुलपात.
नाना वाकून बघत राहिले.
"आणि किल्ली? किल्ली कुणापाशी?"
मला माहीत नव्हतं.
सात वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हाही
त्यांनी असलंच काहीतरी विचारलं होतं,
गॅसच्या पुस्तकाबद्दल बहुतेक.

उतरताना म्हणाले, "थांब."
"का?"
"लायनर."
मला वास आला नव्हता. मग आला.
मी उतरेपर्यंत चाकामागं दगड लावून झाला होता.
वरच्या वाटेनं एक म्हातारा आला,
हातात छोट्या कुऱ्हाडीची काठी, नाव उबैद.
चाकाकडं बघितलं, दगडाकडं, मग नानांकडं,
आणि छातीवर हात ठेवला.
पाण्याचा टँकर चालवायचा तो, याच रस्त्यावर,
एवढं मला त्याच्या अरबीतून कळलं.
नानांना माझ्याआधीच कळलं होतं.
दोघं दोन भाषांत गिअर बदलत बसले,
मनगटानं, हवेत.
मधे खजुराची पुडी, बिया एकाच कागदावर.

चाकं निवली. नानांनी दगड उचलला.
वापरलेला दगड रस्त्यात सोडणाऱ्याला
ते ड्रायव्हर म्हणत नाहीत.
उचलला आणि थबकले:
दगडात शिंपला. शिंपल्याच्या रेघाही शाबूत.
मी सांगितलं, लाखो वर्षांमागं हे सगळं
समुद्राच्या तळाशी होतं.
त्यांनी खालच्या वळणांवरून नजर फिरवली,
एक, दोन, तीन, सात.
"एवढा चढ," म्हणाले, "कुठल्या गिअरवर आला असेल?"
उबैदला कसं सांगावं तेच कळेना.
दगड कडेला ठेवला, शिंपला वर करून.

"आता लो. ब्रेकला हात लावू नकोस."
"हात?"
"पाय गं. इंजिनला धरू दे गाडी."
मी धरू दिली.

खोर नज्दच्या खिंडीत संध्याकाळ.
खाली डोंगरांच्या बोटांमधून पाणी आत आलेलं,
बेटं पाण्यात उभी,
हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखी.
आणखी एक उतार बाकी, सगळ्यात तीव्र.
मी लोमध्ये टाकली आणि सहज शेजारी बघितलं.
नाना सीटवर मांडी घालून बसले होते,
डोळे समुद्राकडं.
चपला खाली, मॅटवर,
बरोबर ब्रेकच्या जागी.