मोजा, म्बिली, तातू

तिसरीच्या पुस्तकात आफ्रिकेला अर्धं पान.
त्यावर एक जिराफ, आणि जिराफाखाली
‘उष्ण हवामान’.

म्हणून रात्री भांडी आवरली की मी फोन घेऊन बसते.
शोधते : मुलांसाठी, सोपं, फुकट.
कुठे वाळवंटातल्या गावाच्या पोथ्या सापडतात,
पत्र्याच्या पेट्यांतून लपवून जगवलेल्या;
कुठे एक म्हातारा एकवीस तारांवर बोटं फिरवत
राजांच्या पिढ्या म्हणत असतो, न अडखळता,
माझ्या आजोळी हेळवी म्हणायचा तशा.
एक नकाशा मिळाला, त्यात आपला देश
नऊ वेळा मावतो आणि वर थोडी जागा उरते.

सगळं उतरवून घेते ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर.
फेरीबोट मांडवीच्या मध्यावर आली की रेंज जाते,
आणि दिवाडीत ती फक्त शाळेमागच्या फणसाखाली असते.

अकरा मुलं, एक फोन.
स्टीलच्या पेल्यात उभा केला की आवाज मोठा होतो.
म्हाताऱ्याच्या तारा पेल्यातून आल्या
तेव्हा वेदांगीनं पाय हलवायला सुरुवात केली.
मग ते फुगलेल्या बुंध्याचं झाड.
“ही तर गोरखचिंच! मामाच्या गावी आहे.”
तिथे कशी आली ती? म्हटलं, समुद्रावरून, बहुतेक.
“आणि माणसं?”

एका पानावर जहाजाचा आराखडा होता,
माणसं काड्यांसारखी रचलेली.
तो मी दाखवला नाही.
खिडकीतून बोट केलं फक्त : तो पलीकडचा धक्का,
मी रोज येते ना, तिथे उतरवायचे त्यांना,
मोझांबिकहून आणलेल्यांना. विकायला.

सोहिरूनं विचारलं, “वजनावर?”

“नगावर,” मी म्हटलं,
आणि खडू खाली ठेवला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग दुर्गेश, जो कधीच हात वर करत नाही,
“बाई, म्हणजे आमचा खापरी?”

खापरी त्यांच्या बांधावर राहतो, शेंदूर नसलेल्या दगडात.
आजोबा त्याला पाव ठेवतात, विडी ठेवतात, टोपणभर सोरो.
निजला नाहीस तर येतो तो.
उंच, काळा, चालला की साखळी वाजते.

साखळी का वाजते
हे त्या घरात इतक्या वर्षांत
कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात रोझालिना पावभाजीचे डबे घेऊन आली,
पेल्यातला आवाज ऐकून दारातच थबकली.
तिचा बाप मोंबासात शिंपी होता.
“मोजा,” ती म्हणाली,
आणि मुलं खरंच पाव मोजू लागली.
ती हसली. “न्हय रे, मोजा म्हणजे एक!
मोजा, म्बिली, तातू.”
चार?
चार तिला येत नाही.
तातू म्हटलं की बाप तिला वर उडवायचा,
मोजणी तिथेच संपायची.

दगडातल्या माणसाची भाषा हीच होती का?
नसेलही. त्या किनाऱ्यावर भाषा पुष्कळ,
आणि तो कुठल्या गावचा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.
हे मी मुलांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

सुटी झाल्यावर बांधाकडून गेले.
मी मागे, छत्री मिटून.
दुर्गेशनं दप्तरातून अर्धा पाव काढला,
भाजी लागलेला, त्याच्याच वाटणीचा,
दगडापुढे ठेवला
आणि भर दुपारी, न घाबरता, खणखणीत आवाजात :
मोजा. म्बिली. तातू.

मग थांबला.
वळून माझ्याकडे पाहिलं.

फेरी सुटायला आली होती.
धक्क्याकडे पळताना मी फोन वर धरला,
एक काडी आली, गेली.
चार शोधायचं आहे.