नवसागर

सोमवारची तारीख. आरोंद्याहून पहाटेची एसटी,
सावंतवाडीला बदलायची, मग ओरोस.
पिशवीत निकालाची नक्कल, बेचाळीस पानं,
वर वकिलांसाठी ओल्या काजूगरांची पुडी.

तळवणेकर वकील चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
शेवंतीबाई, अपिलात आपला मुद्दा एकच. सील.
बाटली धाडीच्या रात्री बांधली की सतरा दिवसांनी,
लाखेवर ठसा कुणाचा, कुठंच लिहिलेलं नाही.
एक पंच फितूर,
दुसरा जमादाराच्या मेव्हण्याचा भाडेकरू.
बाकी तुम्ही काही बोलायचं नाही.

मी मान हलवली.
मग एकतिसावं पान उलगडून बोट ठेवलं
प्रयोगशाळेच्या ओळीवर:
गूळ, नवसागर.

मिया नवसागर कधी हाताक लावूक नाय, वकीलसाहेब.
घरात आला तो एकदाच,
कल्हईवाल्यानं आणला, कल्हईवाल्यानं नेला.
माझा फक्त बोंडू,
तोही आपसूक गळलेला, झाडावरून ओढलेला नव्हे.
दगडी डोणीत पायांनी तुडवायचा,
तीन दिवस रसाला आपल्या मनानं फेसाळू द्यायचं,
भांडं तांब्याचं, जाळ काजूच्याच फांद्यांचा,
आणि पहिली धार काडी लावून बघायची, निळी जळते का.
त्या बाटलीतली माझी नव्हतीच.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.
हे आत बोललात
तर सरकारी वकिलाला उठायचीही गरज नाही.

खाडीपल्याड माझी मावसबहीण दिलेली, द्रौपदी.
वारा बरा असला तर तिची हाक इकडे पोचते.
तोच बोंडू. तीच धार.
तिच्या भट्टीला नंबर आहे,
माझ्या भट्टीला केस नंबर.

न्यायाधीशांनी विचारलं, अपीलकर्ती हजर?
मी उठले, बसले.
लाखेवर अकरा मिनिटं बोलणं झालं.
खालच्या कोर्टानं सांगून ठेवलंय,
अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा.
म्हणजे भांडं अजून आहे,
पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत,
एका मोडक्या सायकलीखाली. मी खिडकीतून पाहिलंय.
हिरवं पडलंय. चिंच लावायला हवी.

साहेबांनी अहवाल मोठ्यानं वाचला, नवसागरासकट.
मी पदराचं टोक दातांत धरलं.

निकाल पुढल्या महिन्यात.
सुटले तर सीलमुळं सुटेन.
गाळत होते, असं कागदावर राहणार नाही.
चांगली गाळत होते,
हेही नाही.