चौदावा झरोका

मी जाळ्या बसवतो.
दवाखाना, शाळा, जिनिंगचं शेड,
जिथं कबुतरांनी माणसं जेरीला आणली तिथं.
नायलॉनची दोरी, दोन बोटांचा डोळा,
हूक, ड्रिल. शिडी तिथलीच मागतो.

समुद्रपूरला खरेदी-विक्री संघाचं गोदाम.
चण्याच्या थप्प्यांवर वरपासून खालपर्यंत
शिटांचे पांढरे ओघळ.
नाकाला रुमाल लावून काळबांडे साहेब म्हणाले,
"चौदा झरोके. चौदाही बंद.
वाराच तेवढा आत आला पाहिजे."
मी वहीत लिहिलं: चौदा.

दोन दिवसांत तेरा झाले.
चौदाव्याला शिडी टेकवली
तर आतून कुणीतरी फुसफुसलं,
शिट्टीआधीच्या कुकरसारखं.
टॉर्च मारला.
तीन पिल्लं, पिंजून टाकलेल्या कापसाची,
आणि त्यांच्यामागं आई,
पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा तिचा चेहरा,
त्यात दोन काळे डोळे, न मिटणारे.

खाली हमाल मागं सरकले.
"घुबड आहे जी. दगड नोका मारू.
ते तो दगड नदीत नेऊन घासते.
दगड झिजला का मारणारा झिजते."

पंचफुलाबाई सांडलेला चणा झाडत होती.
खराटा भिंतीला लावला,
थप्पीमागून गोडेतेलाचा जुना डबा आणला,
आतले काळे, वाळके गोळे पेपरावर ओतले.
एक नखानं फोडला:
राखाडी केस, काडीसारखी हाडं,
शेंगदाण्याएवढी कवटी, तिला पिवळे दात.
अजून एक कवटी. अजून एक.
"एका गोळ्यात तीन उंदरं.
दिवाळीपासून मोजून राहिली मी."
"तुले कोनं सांगतलं मोजाले?"
"कोनं नाही जी.
पोत्याले भोकं कमी पडून राहिले, म्हून मोजले."
साहेबांनी पेपर पायानं सरकवला.
"ठराव चौदाचा आहे."

दिवेलागणीला आई शिकारीला निघाली.
तेवढ्यात मी जाळी ताणली.
चांगली ताणली, ढोलकीसारखी.
आत फुसफुस चालूच होती.

रात्री झोप नाही.
पुलगावच्या शाळेत मी एक कोपरा सैल सोडला होता.
बाईंचा फोन आला, मी चौथ्या दिवशी गेलो.
एका पंखावर लटकलेला खंड्या,
निळा अजून तसाच निळा,
आणि दोरीवरून मुंग्यांची ये-जा.
तेव्हापासून मी सैल सोडत नाही,
एवढंच शिकलो होतो त्यातून.

उजाडता उजाडता खिशात कटर घेऊन पोचलो.
साहेब माझ्याआधी.
जाळी एका हुकाला लोंबत होती.
पंचफुलाबाई खाली मान घालून झाडत होती.
"उंदरायनं कुरतडली जी, रातच्याला."
"एवढ्या उंच? उंदीर?"
"तेच त सांगून राहिली कालपासून.
लय माजले."

मी वर चढलो.
प्रत्येक गाठीच्या बरोब्बर खाली
इळ्यानं कापावा तसा सरळ काप.
उंदीर गाठ बघून कापत नाही.
अकराव्या पायरीच्या खिळ्याला
हिरव्या लुगड्याचा एक धागा अडकला होता.
बाई साठीच्या पुढची. गुडघ्याला पट्टा.
शिडी मीच विसरून गेलो होतो का,
की मुद्दाम ठेवली होती,
अजून माझं मलाच ठरवता येत नाही.

धागा काढून खिशात टाकला, कटरजवळ.
"हो साहेब," मी वरून ओरडलो, "उंदीरच."
"परत बसवशील?"
"बसवतो. परत खातील."
साहेब बराच वेळ वर पाहत राहिले.
मग बिलातले एकशे ऐंशी रुपये कापले.
मी वहीत चौदा खोडून तेरा केले,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: एक वापरात.

निघताना दिसलं,
त्याच झरोक्यातून दोन कबुतरं आत गेली.
पंचफुलाबाईनंही पाहिलं.
खराटा थांबला नाही.