दाणाओळी

पाणीपट्टीच्या फॉर्मात चारशे बारा मोहल्ले.
अवाडपुऱ्यापासून अंगठा खाली सरकवत यायचं,
जरा निसटला
की थेट मुरार.

म्हणून मी यादी मिटवली,
शोधायची रिकामी चौकट ठेवली.

पहिल्याच दिवशी मोघेबाई.
चष्मा कपाळावर, एका बोटानं टाइप.
'दा'पर्यंत सगळं ठीक,
ण येताच खालची नावं गडप.
काही सापडलं नाही.
त्यांनी पुन्हा लिहिलं, सावकाश, ळ सकट.
"साठ वर्षं राहतेय इथं,"
मला नाही, चौकटीला म्हणाल्या.

नोंदीत आहे दानाओली.

रात्री कोडमध्ये एक ओळ वाढवली:
ण आला तर न धर, ळ आला तर ल.
आता सापडते.

छापील पावतीवर मात्र
मोघेबाई अजून
पेनानं दुरुस्ती करतात.