लो राहत नाही

"लो राहत नाही," एवढंच म्हणाला काशिनाथ वरठा
आणि चावी टेबलावर ठेवली.
पुढचं मला जीपनं सांगितलं:
छोट्या लीव्हरला निळी नायलॉनची दोरी,
दुसरं टोक सीटच्या पायाला,
गाठ तेलानं काळी, दगडासारखी.
येऊरच्या चढावर पाण्याचे सहा ड्रम घेऊन
दोन वर्षं चारही चाकं
या गाठीच्या भरवशावर फिरत होती.

वागळे इस्टेटमध्ये तिघांनी सांगितलं होतं,
ट्रान्सफर केस गेली, अख्खी बदला.
तिघांपैकी एकाचीही पाठ
जमिनीला लागली नव्हती.

माझा डावा कान प्रेस-शॉपनं नेला.
एकोणीस वर्षं, दोनशे टनांचा ठोका.
कंपनी गेली, तिथे आता काचेची इमारत आहे,
कान कुणी परत केला नाही.
म्हणून मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसवर टेकवतो
आणि मूठ दातांत धरतो.
सुमेध हसतो. हसू दे.
जबड्यातून आवाज थेट येतो, मधे कुणी नाही.

चारही चाकं स्टँडवर. सुमेध वर.
टू-हाय: घरघर, वयाला शोभेल इतकीच.
फोर-हाय: तीच.
लो टाकला, रेस दिली, सोडली, दिली,
आणि दर वेळी सोडताना
आत कुणीतरी खुर्ची मागे सारावी
तसा एक टक्क.
शाफ्ट पुढंमागं होतोय.
दात नाहीत. दात असते तर भुंकले असते.

तेल परातीत काढलं, उन्हाला धरलं.
सोनेरी भुकटी.
लोहचुंबक फिरवला, एक कण उचलला नाही.
"सोनं का?" काशिनाथनं विचारलं,
दिवसभरातलं त्याचं दुसरं वाक्य.
वॉशर, म्हटलं. पितळी. होता.

केस उघडली.
मधल्या शाफ्टचा वॉशर कागद झालेला,
फोर्कची जीभ एका अंगानं झिजलेली.
रेलच्या खाचेतली गोळी शाबूत,
पण तिच्यामागची स्प्रिंग
सुमेधनं दोन बोटांत दाबली
आणि ती दबली ती तशीच राहिली.
"चाळीस रुपयांची आहे ही," तो म्हणाला.
मला यावर एक मोठं वाक्य सुचलं होतं.
गिळलं.

मग क्रॉस-मेंबरचं रबर: कुजून गूळ.
चढावर इंजिन पिळलं की केस हलणार,
लीव्हर जागेवर राहील कसा?
हे उघडण्याआधी दिसायला हवं होतं मला.
वहीत लिहिलं. सुमेधसमोर.

रोहिदासनं लेथवर वॉशर काढला.
दोनदा परत पाठवला, तो शिव्या देत होता,
बऱ्या कानाच्या बाजूनं.
तिसऱ्यांदा फीलर गेज
अडखळत आत गेला, हवा तसा.

उपवनच्या पुढे, फाटकानंतरचा चढ.
ड्रम भरून घ्यायला लावले,
रिकाम्या गाडीला काय विचारायचं?
लो. पहिला.
तिसऱ्या वळणावर, जिथे नेहमी सुटतो तिथे,
जीप म्हशीसारखी चढली,
घाई नाही, मागे बघणं नाही.
लीव्हर हलला नाही.
काशिनाथचा डावा हात मात्र
त्याच्यावर दाबलेला, शिरा फुगलेल्या.

"सोड," मी म्हटलं.
दोन बोटं उचलली.
थोड्या वेळानं आणखी एक.
अंगठा पाड्यापर्यंत तिथेच होता.

वर पोचल्यावर ड्रम उतरवले,
बिलाचे पैसे दोनदा मोजले,
आणि मी कापलेली दोरी मागितली.
सीटखाली होती, दिली.
त्यानं दातांनी गाठ सोडवायला घेतली.
सुटेना.
तशीच खिशात घातली.