पोत्यातला समुद्र

बोटीचं इंजिन खोललेलं होतं,
गियरचे दात पडवीत वर्तमानपत्रावर मांडलेले,
म्हणून बाबा मोकळे. असा रविवार
वर्षातून एखादाच.
आणि जिविका आठवडाभर मागे लागलेली,
गोरेगावच्या मैदानात समुद्र आलाय म्हणे,
बघायला जाऊ.

दांड्याच्या माणसांनी समुद्र बघायला
दोन रिक्षा करून जायचं,
यावर आई तीन गल्ल्यांना ऐकू जाईल एवढी हसली.
मग तीच सगळ्यांत आधी तयार.
ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर अबोली,
डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी.
"तिथे काय मिळेल, काय नाही."

तिकीट माणशी दीडशे.
तीन फुटांखालच्यांना फुकट.
जिविका गुडघ्यात वाकून उभी राहिली,
तरी डोकं पट्टीच्या वर.

आत गारवा. निळा उजेड.
काचेच्या कमानीवरून एक पाकट गेलं
पांढरं पोट दाखवत,
कुणी चादर झटकावी तसं.
लोक मोबाईल वर धरून उभे.
आईचा आवाज मात्र बाजारातलाच:
"हा गोबरा बघ, चार किलोला कमी नाही.
ही वाम. हिच्या तोंडाशी बोट न्यायचं नाही.
हा रंगीत... याला नाही बा ओळखत मी."
मागचं एक कुटुंब, मुलुंडचं असावं,
हळूहळू तिच्यामागून चालू लागलं.
त्यातल्या चष्मेवाल्या मुलाने विचारलं,
"आजी, तुम्ही इथल्या गाइड का?"
"हो तर," आई म्हणाली, "पन्नास वर्षं."

बाबा कुठेच बघत नव्हते.
काचेला कान लावून उभे.
मला वाटलं, दमले.
मग म्हणाले,
"पंपाचं बेअरिंग गेलंय."

पडदा सारून आत शिरले, त्यांच्यामागे मी.
तिथे समुद्राची पाठ होती:
निळी पिंपं, चिकटपट्टीने बांधलेल्या नळ्या,
आणि भिंतीसारखी रचलेली मिठाची पोती.
बनियनमधला एक पोरगा पोतं कापत होता,
फोन खांद्याने कानाशी दाबून.
आई कधी आली कळलंच नाही.
पिंपात बोट बुडवून तिने जिभेला लावलं,
कालवण चाखताना थांबते तशी थांबली.
"खारट आहे," म्हणाली,
"पण समुद्र नाही."
पोराने मान डोलावली.
मराठी त्याला येत नव्हतं,
पण तो गोपाळपूरचा होता, ओडिशाकडचा,
घर किनाऱ्यावर.

साडेचारला जलपरी.
हिरवी शेपटी, चमचमते खवले,
काचेआडून तिने बुडबुड्यांचा पापा सोडला
आणि जिविका श्वास घ्यायची विसरली.
आई पुटपुटत मोजत होती,
"चाळीस... पंचेचाळीस...
वर जा गो बाय, वर जा आता."

खेळ संपल्यावर पडद्यामागे
ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली,
शेपटी बाजूला दुमडून,
ओठ काळेनिळे, बोटं सुरकुतलेली.
नाव सुहानी. नालासोपाऱ्याहून येते.
दिवसाला पाच खेळ.
"जेवलीस का गो?"
ती काही बोलण्याआधी आईने डबा उघडला होता.
ती खात राहिली,
केसांतलं पाणी भाकरीवर टपकत.
"मस्त आहे, काकी. मीठ थोडं जास्त."
आईला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं.
तिने ऐकून घेतलं.

जिविकाने हे सगळं पडद्याच्या फटीतून पाहिलं.
सांताक्रूझ येईपर्यंत गप्प.
मग, "आजी, जलपरी जवळा खाते?"
"भूक लागली की खाते."
"पण ते तर तिचे..."
आई बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागली.

"बासष्ट झिरो पाच," बाबा एकदम म्हणाले.
"त्याच नंबरचं बेअरिंग आपल्याकडे पडलंय.
सकाळी नेऊन देतो त्या पोराला."
सिग्नल सुटला. इंजिनाच्या आवाजावर
त्यांनी परत एकदा, मोठ्याने:
"सकाळी कशाला, आताच जातो.
पंप बंद पडला रात्री, तर पाकट आधी जाईल."