उलटा धावदोरा

गोधडी उसवायला घेतली ती
आत उंदरानं पिलं घातली म्हणून.
अमळनेरात माझं दुकान आहे, फॉल-पिको, ब्लाउज.
उसवण्याचे पैसे मी वेगळे घेते,
शिवण्यापेक्षा त्याला नजर जास्त लागते.

वरचा थर सासूबाईंच्या पातळाचा.
मशीनवर मारलेला, सरळ, घाईचा.
दिवसभर जिनिंगमध्ये कापसातली कवडी वेचून
द्वारकाबाई घरी यायच्या,
मग रात्री जे होईल ते.

त्याखाली हातचा टाका. ज्वारीच्या दाण्याएवढा.
आजेसासूचा, चिंधाबाईचा.
आधीची तीन भावंडं गेली म्हणून
हिला चिंधी म्हणाले,
यमाला वाटावं, हिचं काय न्यायचं.
यम विसरला. शहाऐंशी वर्षं.

ब्लेड लावणार, तर गाठ सापडेना.
सगळ्या जणी उजवीकडून निघतात, डावीकडे पोचतात.
हिची गाठ डावीकडे.
प्रत्येक ओळीची.

मग आठवलं,
जेवताना ती डावा हात मांडीखाली दाबून बसायची.
त्या हाताच्या पाठीवर एक गुळगुळीत डाग होता
उलथन्याच्या टोकाएवढा.
विचारलं तर म्हणायची, भाकरी टाकताना भाजलं व माय.
भाकरी ती उजव्या हातानं टाकायची.

म्हणजे सगळं घर निजल्यावर
काढत असेल ती तो हात बाहेर,
चिमणीच्या वातीशी,
बोरीला पूर आल्यासारखी सुई पळत असेल.
काय करी ऱ्हायनी व?
कुणी कूस बदलता बदलता विचारलं असेल,
आणि तिनं सुई या हातातून त्या हातात घेतली असेल.

एका जागी खरंच टाका बदलतो.
वीतभर. मोठा, वेडावाकडा,
पहिल्यांदा सुई धरलेल्या पोरीसारखा.
मग पुन्हा ज्वारी.

मी उंदरानं कुरतडलेला कोपरा तेवढा कापला.
बाकी राहू दिलं.

मशीनला डावं-उजवं नसतं,
म्हणून इतकी वर्षं मला कळलं नाही.
कात्रीला असतं.
माझी ईश्वरी कापड कापते तेव्हा कडा चावल्यासारखी येते,
मी तिला दोनदा बोलले होते,
एकदा हातावर मारलंही होतं. पट्टीनं. हळूच, पण मारलं.

जळगावला फोन केला.
डाव्या हाताची? मागवावी लागेल ताई,
दुकानदार म्हणाला, महाग पडेल.
म्हटलं, पडू दे.
आगाऊ किती पाठवू?